ठरवलं किती, झालं किती?

नोकरी, दोन मुलं आणि घर सांभाळून वर्षभरात ५२ पुस्तकं वाचायची, असं मी गेल्या जानेवारीत ठरवलं. मार्च संपत आला तरी चौथ्याच पुस्तकात अडकले होते. मग एका रात्री वहीत हिशोब मांडला. एका पुस्तकाची ३०० पानं धरली तर रोजची जवळपास ४३ होतात. मुलं झोपल्यावर माझ्या हाती उरतात वीस मिनिटं, त्यात होतात दहा पानं. म्हणजे वर्षाला बारा पुस्तकं. हा आकडा आधीच काढला असता तर तीन महिने स्वतःला आळशी म्हणत बसले नसते.

तुमचं काय झालं? पूर्ण झालेलं, अर्धवट राहिलेलं, सोडून दिलेलं, सगळं लिहा.

*

मी परिचारिका आहे. पाळ्या करत प्रबंध लिहिला. रात्रपाळीनंतरचा दिवस मी वेळापत्रकात लिखाणाचा धरायचे आणि तो दरवेळी झोपेत जायचा. तरी पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. नंतर कळलं की कामाला लागणारा वेळ कमी धरण्याची ही चूक फार जुनी आणि सगळ्यांची आहे. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच तिच्याबद्दल लिहून ठेवलंय. १९९४ च्या एका अभ्यासात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना किती दिवस लागतील ते विचारलं होतं. त्यांचा सरासरी अंदाज ३४ दिवसांचा होता. सगळंच बिनसलं तर? सुमारे ४९. प्रत्यक्षात लागले ५५ हून जास्त! वाईटात वाईट धरूनही अंदाज कमीच पडला. हे वाचून मला खरंच रडू आलं, कारण तोवर मला वाटायचं की कमी पडतेय ती मीच.

त्यानंतर मनाने दिवस धरणं बंद केलं. दुसऱ्या प्रकरणाला अकरा आठवडे लागले होते, म्हणून तिसऱ्यालाही अकरा दिले आणि मार्गदर्शकांना तसं स्पष्ट सांगितलं. दहा लागले.

*

व्यायामाचं सांगतो. २१ दिवसांत सवय लागते असं ऐकून सुरुवात केली. बाविसाव्या दिवशीही अंथरुणातून उठणं तितकंच जड गेलं आणि सोडून दिलं. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांच्या संशोधनाबद्दल वाचलं. सवय अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, आणि माणसागणिक १८ पासून २५४ पर्यंत फरक! एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नाही, हेही त्यातच होतं. मला याचा सगळ्यात जास्त उपयोग झाला. आधी एक खाडा पडला की आठवडाच वाया गेला असं वाटायचं. आता कामाच्या गर्दीत दहाच मिनिटं चालतो, पण चालतो.

*

सासऱ्यांच्या आजारपणात दीड वर्ष गाण्याचा रियाज बंद होता. तेव्हा काहीही न ठरवणं हेच मला झेपणारं होतं. आता आठवड्यातून दोनदा बसते.

*

मला मात्र ध्येय छोटं करण्याचा सल्ला सरसकट पटत नाही. चाळिशीत नवी भाषा शिकायला घेतली ती मूळ कादंबरी वाचता यावी म्हणून. 'रोज पाच शब्द' एवढंच ठरवलं असतं तर महिन्याभरात कंटाळलो असतो. कादंबरी तशीच ठेवली, मुदत एका वर्षाची चार केली. सध्या तिसरं वर्ष चालू आहे, पहिली साठ पानं झालीत. शब्दकोश लागतो, पण वाक्यं कळतात.

*

तुमचं पटलं. माझ्या वर्षाच्या बारा पुस्तकांत एक जाडजूड ग्रंथ आहे, नऊशे पानांचा. तो मी यादीतून काढणार होते. आता ठेवते, त्याच्यासाठी तीन महिने धरते आणि बाकीची पुस्तकं नऊ.