एमसीबी असला तरी शॉक लागतोच

'प्रत्येक खोलीला एमसीबी आहे, मग आरसीसीबीचा खर्च कशाला?' या प्रश्नाचं उत्तर देतो. एमसीबी म्हणजे जादा करंट गेला की पडणारा खटका, आरसीसीबी म्हणजे करंट गळला की पडणारा. एमसीबी वायरिंग वाचवतो, माणसाला नाही. १६ अँपिअरचा एमसीबी पडायची वाट बघाल तर तेवढ्या करंटच्या शंभराव्या हिश्श्यातही जीव जाऊ शकतो. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलने परत आलेला करंट सतत ताडून बघतो. फरक पडला की सप्लाय तोडतो. घरासाठी ३० मिलिअँपिअरच्या फरकाला पडणाराच घ्या. १०० किंवा ३०० चा माणसासाठी नाही.

आमच्याकडे एका सकाळी आरसीसीबी सारखा पडायला लागला. वायरमन म्हणाला, "उगाच पडतोय, बायपास करून देतो." मी साफ नको म्हटलं. एकेक प्लग काढत गेलो, गिझरचा काढला आणि खटका बसला. एलिमेंटचं कवच चिरलं होतं. बायपास केला असता तर त्याच नळाखाली आमची मुलगी आंघोळीला बसली असती.

अर्थिंग मात्र हवंच. आरसीसीबी त्याची जागा घेत नाही. आणि फेज-न्यूट्रल दोन्ही एकदम हातात आले तर तोही वाचवत नाही.

शटरवाल्या सॉकेटमध्ये दोन पिनांचा प्लग बसवायला वरच्या भोकात पेन किंवा स्क्रूड्रायव्हर खुपसू नका. तीन पिनांच्या प्लगची तिथली लांब पिनच खालची भोकं झाकणारं शटर उघडते, आणि मुलं बघून तेच करतात.

आरसीसीबीवरचं 'टी' (टेस्ट) बटण महिन्यातून एकदा दाबा. खटका पडला नाही तर त्याच दिवशी बदलून घ्या.