मदत हवी आहे: मुलीची नजर बॉलवर टिकत नाही
माझी मुलगी ७ वर्षांची आहे, दोन महिने झाले टेनिस शिकतेय, आवड खूप आहे पण बॉलचा टप्पा पडेपर्यंतच बघते आणि मग मारायच्या आधीच मान वर करून नेटपलीकडे बघते, त्यामुळे रॅकेटला बॉल लागतच नाही. "बॉलकडे बघ" असं सारखं ओरडलं की रडवेली होते, मग मलाच वाईट वाटतं. सध्या लाल बॉल (लहान मुलांना सुरुवातीला देतात तो) आहे, तो नेहमीच्या पिवळ्या बॉलपेक्षा ७५ टक्के स्लो असतो. टप्प्याला "टप", मारताना "हिट" असं मोठ्याने म्हणायला लावते, त्याने जरा फरक पडलाय. बॉलवर मार्करने आकडे लिहून वाचायला लावायचं कोणी केलंय का? की आधी नुसतं हाताने झेलायलाच शिकवू? लालच्या पुढचा, जरा फास्ट असलेला ऑरेंज बॉल कधी द्यायचा तेही सांगा प्लीज.