मोठ्यांच्या कार्टूनमधले श्रीमंत : टर उडवतात की लाड करतात?

कोपऱ्यातला प्रेक्षक
'द सिम्पसन्स' ही अमेरिकन कार्टून मालिका मला आवडते, आधीच सांगतो. पण त्यात श्रीमंतांची सालटी काढली जातात, असं सर्रास म्हणतात ते पटत नाही. मिस्टर बर्न्स घ्या, अणुवीज प्रकल्पाचा मालक. १९९५ च्या दोन भागांच्या कथेत हा गृहस्थ शाळेखाली सापडलेलं तेल तिरकी विहीर खणून पळवतो. मग लोकांनी दिवसाही आपलीच वीज जाळावी म्हणून गावावरचा सूर्यच झाकतो! अख्ख्या गावाचा त्याच्यावर दात. आणि शेवटी त्याच्यावर गोळी सुटते कुणाच्या हातून? सिम्पसन्सच्या तान्ह्या मॅगीच्या. राग सगळ्यांचा, जबाबदारी कुणाचीच नाही. पुढे बर्न्स पुन्हा खुर्चीत, आणि आपण म्हणणार, काय भारी म्हातारा आहे.

खवट
साफ असहमत. गोळी सुटते तेव्हा बर्न्स काय करत असतो, ते सोयीस्कर गाळलंत. तो त्या पोरीच्या हातातला लॉलीपॉप हिसकावत असतो. सूर्य खिशात घातला तरी बाळाचा लॉलीपॉप सोडवत नाही! 'जगातलं सगळं माझंच' या वृत्तीची याहून नेमकी टर कशी उडवणार?

कोपऱ्यातला प्रेक्षक
टर उडते हो, पण त्याने मालकाचं काय बिघडतं? ही मालिका फॉक्स वाहिनीवर लागते. १९९९ मध्ये फॉक्सचे तेव्हाचे सर्वेसर्वा रूपर्ट मरडॉक स्वतः एका भागात आले आणि आपली ओळख 'अब्जाधीश जुलमी' अशी करून दिली, स्वतःच्या आवाजात. ज्याला झोंबायला हवं तोच मजेत येऊन संवाद म्हणून जातो.

रांगेतली
मग 'साऊथ पार्क' या दुसऱ्या कार्टून मालिकेचा २००१ मधला कार्टमनलँडचा भाग बघा. कार्टमन नावाच्या पोराला आजीचे दहा लाख डॉलर मिळतात. रांगेत उभं राहायला नको म्हणून पठ्ठ्या आख्खं करमणूक उद्यानच विकत घेतो, आणि तुम्हाला आत प्रवेश नाही अशी टीव्हीवर जाहिरात करतो. पुढे पहारेकऱ्याच्या पगारासाठी थोड्या लोकांना आत सोडावं लागतं. बंदीमुळेच गर्दी लोटते, आणि जाणकार म्हणतात, काय धंद्याचं डोकं! हट्टी पोराच्या माजाला हुशारी म्हणणारे ते जाणकार मला कार्टमनपेक्षा जास्त झोंबले.

भरपगारी
पैसा नसतानाही माज असतो, ते राहिलंच. 'सिम्पसन्स'मधलाच, १९९७ च्या भागातला फ्रँक ग्राइम्स आठवा, बर्न्सच्या प्रकल्पातला नोकर. कष्ट करून करून बिचारा राहतो कुठे, तर एका बोलिंग क्लबच्या वर आणि दुसऱ्याच्या खाली. तो सहकारी होमर सिम्पसनकडे, म्हणजे मॅगीच्या बापाकडे जातो. दुमजली घर, दोन गाड्या, जेवायला लॉब्स्टर, आणि हे सगळं कामावर झोपा काढणाऱ्या माणसाचं. त्याचं डोकंच फिरतं. होमरला मात्र यात काही वावगं आहे हे कळतच नाही. ग्राइम्सच्या अंत्यविधीतही तो घोरतो आणि लोक हसतात. मला काही हसू आलं नाही.

कोपऱ्यातला प्रेक्षक
भाग जबरदस्त आहे, वादच नाही. पण तिथेही सगळा नेम होमरवर. बर्न्स सुटलाच ना?

खवट
कुठला सुटतोय! ग्राइम्सला नोकरी कशी लागते ते विसरलात? टीव्हीवर त्याची कहाणी बघून बर्न्सचा जीव कळवळतो आणि तो त्याला उपाध्यक्ष करायला निघतो. ग्राइम्स हजर होईपर्यंत टीव्हीवर एक शूर कुत्रा झळकलेला असतो. पद कुत्र्याला, ग्राइम्सची रवानगी खाली कुठेतरी. आणि हा माणूस मरेपर्यंत चिडतो तो होमरवर. बर्न्सबद्दल चकार शब्द नाही.