मदत हवी आहे : जुन्या एफसी-१५० पिकअपला डिझेल इंजिन बसवायचंय

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे १९६८ची महिंद्रा एफसी-१५० आहे, वडिलांच्या नावावर. बॉनेट नसलेली, चपट्या तोंडाची पिकअप. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी : हिचं इंजिन केबिनमध्येच असतं, दोन सीटांच्या मधे पत्र्याच्या खोक्याखाली. इंजिन मूळचंच, विलिसचं हरिकेन पेट्रोल, २.२ लिटर. त्यात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात. आता दोन नंबरच्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट सीटपासून (व्हॉल्व्ह टेकतो ती जागा) बोअरपर्यंत (पिस्टन चालतो ती नळी) ब्लॉकलाच तडा गेलाय. रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, प्लग काढला तर पाण्याने ओला निघतो. मिस्त्री म्हणतात, तड्याला टाके मारून बोअरमध्ये स्लीव्ह (नवी आतली नळी) घालतो, पण टिकेलच असं सांगत नाही.

गाडी भंगारात द्यायची नाही, हे आधीच सांगतो. चेसिस शाबूत आहे, कागद चालू आहेत, आणि टोमॅटोचे क्रेट घेऊन नारायणगावच्या मार्केटला जायला ती आम्हाला अजून हवी आहे. पेट्रोल टाकून तो धंदा परवडत नाही, म्हणून डिझेल.

तीन इंजिनं डोळ्यासमोर आहेत. जुन्या कमांडरचं महिंद्रा डीआय, २५२३ सीसी : स्पेअर कुठेही मिळतात, थंड इंजिन चालू करायला लागणाऱ्या हीटर प्लगची भानगड नाही, आणि आमच्या गावातला कुठलाही मिस्त्री डोळे झाकून उघडेल. दुसरं पूजोचं एक्सडीपी ४.९०, २११२ सीसी : ते वरच्या आरपीएमला मोकळं चालतं, पण त्याचे स्पेअर शोधत फिरावं लागतं. तिसरं मॅटाडोर-ट्रॅक्समधलं ओएम ६१६, २.४ लिटर. माझा कल डीआयकडे आहे.

पण खरी अडचण गिअरिंगची आहे. मागच्या एक्सलचे दात मोजले, ४३ आणि ८, म्हणजे ५.३८ (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ५.३८ फेरे). गिअरबॉक्स तीन गिअरचा, टॉप सरळ एकास एक. हरिकेन चार हजारापर्यंत फिरायचं. डीआय ३२०० ला थांबतं. ७.००-१६ टायर धरून हिशोब केला तर टॉपला ताशी ८४-८५ किलोमीटर, तेही इंजिन पूर्ण ओरडत असताना. ४.८८ चा क्राउन-पिनियन (एक्सलमधली हीच दातांची जोडी) घातला तर ९२-९३ पर्यंत जाईल. पण पुढचा एक्सलही बदलावा लागेल, नाहीतर फोर व्हील लावल्याबरोबर ट्रान्सफर केसवर (दोन्ही एक्सलना ताकद वाटणारी गिअरपेटी) ताण येणार. हा खर्च कोणी केलाय का? की घाटात ५.३८च बरा पडतो?

दुसरी काळजी वजनाची. ही गाडी मुळातच पुढून जड. अमेरिकेत विलिसने तर तोल सांभाळायला मागे चेसिसवर लोखंडी वजन बसवलं होतं. त्यात डिझेलचा ब्लॉक आला, की माळशेज उतरताना रिकाम्या गाडीची मागची चाकं ब्रेकला लगेच घसरणार. ब्रेक चारही ड्रम, पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नाही. डीआयच्या अल्टरनेटरवर व्हॅक्यूम पंप असतोच, मग त्यावर बूस्टर चढवावा असा विचार आहे. पण ब्रेकचं काम अनुभवी माणसाच्या सल्ल्याशिवाय करणार नाही.

आता कागदांचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी आधी घ्यावी लागते. शिवाय जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ रचनेपासून हटणाऱ्या बदलांना मनाई केली आहे. माझा मुद्दा असा की महिंद्राने स्वतःच पुढे एफसी-२६० ही डिझेल गाडी काढली होती. हा आधार देऊन कोणाच्या आरसीवर पेट्रोलचं डिझेल झालंय का? परवानगी मिळाल्याशिवाय पान्याला हात लावणार नाही. अपघात झाला तर इन्शुरन्सवाले पहिल्यांदा इंजिन नंबर बघतात, आणि गाडीत रोज माणसं बसतात.

ज्यांनी प्रत्यक्ष काम केलंय त्यांनी कृपया एवढं तरी सांगा : डीआयचं बेलहाउसिंग (क्लचवरचं कव्हर) जुन्या गिअरबॉक्सला लावायला मधली अडॅप्टर प्लेट किती जाडीची लागली, आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं टोक इंजिनाच्या पायलट बेअरिंगपर्यंत पोचलं का? लेथवाल्याला माप द्यायचं अडलंय. आणि इंजिनाची उंची. ऑइल चेंबर पुढच्या एक्सलला लागू नये म्हणून फाउंडेशन (इंजिन टेकतं ते माउंटिंग) वर घेतलं, तर टॅपेट कव्हर खोक्याला लागेल असं दिसतंय. चेंबर कापून उथळ केला असेल तर त्याचा फोटो टाकाल का?

पुणे, नगर किंवा नाशिककडे कोणाची अशी डिझेल केलेली एफसी असेल तर मी येऊन माप घेतो.