‘इज गेटिंग मॅरीड’, पण लग्न तर फेब्रुवारीत!

(बडोद्यातल्या मराठी मंडळींच्या गप्पा. प्रत्येकाच्या नावाऐवजी त्याचा मोहल्ला.)

दांडियाबाजार : भाचीचं लग्न फेब्रुवारीत आहे. इंग्लंडात लेस्टरला असलेल्या आतेभावाला लिहिलं, ‘शी इज गेटिंग मॅरीड विथ अ डॉक्टर इन फेब्रुवारी’. मामांनी ‘इज गेटिंग’ खोडून ‘विल गेट’ केलं. म्हणाले, “मुलगी काय आत्ता बोहल्यावर उभी आहे?” बरोबर कोण? आणि मराठी पत्रात ‘लग्न करते आहे’ लिहू का?

रावपुरा : तुमचंच बरोबर. तारीख ठरली, हॉल घेतला, की इंग्रजीत चालू वर्तमानकाळ. नुसतं ‘विल गेट मॅरीड’ वाचलं तर ‘होईल कधीतरी’ असं वाटतं. ‘विथ’ मात्र काढा, तिथे ‘टू’ हवं. आपणही ‘परवा मुंबईला जातोय’ म्हणतोच. पाणिनीचं सूत्रच आहे : वर्तमानसामीप्ये वर्तमानवद्वा (३.३.१३१), म्हणजे वर्तमानाच्या जवळच्या काळालाही वर्तमानकाळ चालतो.

मकरपुरा : पाणिनी इथे लागू नाही. त्याची अट जवळ असण्याची. इंग्रजीत ‘नेक्स्ट इयर’ लावूनही हाच काळ चालतो, कारण तिथली अट ठरलेलं असण्याची. म्हणून ‘इट इज रेनिंग टुमारो’ म्हणत नाहीत. पाऊस कोण ठरवणार?

रावपुरा : सामीप्य काय कॅलेंडरवरच मोजायचं? साखरपुडा झाला की घरात लग्न सुरूच होतं.

वाडी : मराठीत ‘लग्न करतेय’ मला खटकतं. मावसबहीण फोनवर तसं म्हणाली, तर आजीनं आधी विचारलं, “घरी माहीत आहे ना?” सरळ ‘तिचं लग्न आहे’ लिहा.

मकरपुरा : मुलगी स्वतः ठरवून लग्न करत असेल तर क्रियापदानं ते का लपवावं?

मांडवी : ‘लग्न आहे’ हेच अस्सल. लग्न म्हणजे पूर्व क्षितिजावर उगवणारी रास, त्यावरून मुहूर्त. म्हणून ते ‘लागतं’. करायचा तो विवाह.

वाडी : मग पणजोबा ‘मुलीचं लग्न करून दिलं’ म्हणायचे, ते चूक?

मांडवी : रूढ झालं म्हणून शुद्ध होत नाही. याच शहरात सयाजीराव महाराजांनी कारभाराच्या शब्दांचा बहुभाषी कोश करवला, १९३१ साली छापला. आणि आपण गुजराती शेजाऱ्यांसारखं ‘लगन’ म्हणतो!

वाडी : शेजारी ‘लगन छे’ म्हणतात. त्यातही ‘आहे’च आहे की.

दांडियाबाजार : मामा ‘विल’ सोडत नाहीत. व्याही गुजराती, आम्ही डिसेंबरची अखेर सुचवली होती. कमुरतां संपल्याशिवाय नको म्हणाले, म्हणून संक्रांतीनंतरची तारीख.

मांडवी : कमुरतां म्हणजे आपला धनुर्मास. शब्द ‘कुमुहूर्त’वरून आला असेल का? जुन्या बडोदेकरांपैकी कोणी सांगेल?