पंढरपूर कॉरिडॉर: आमचं म्हणणं कागदावर आणायचं कसं?

महाद्वारची_सून

नमस्कार मंडळी. महाद्वाराजवळच्या बोळात आमचा वाडा आहे. खाली कुंकू-बुक्का आणि तुळशीमाळांचं दुकान, वर आम्ही. आषाढीला माजघरासकट सगळा वाडा मराठवाड्यातल्या एका दिंडीला देतो. सासूबाईंच्या सासूपासून तीच दिंडी. भाडं घेत नाही असं नाही, पण त्यांची पातेली वर्षभर आमच्या माळ्यावर असतात, यावरून काय ते समजा.

विठ्ठल मंदिराभोवती गर्दीसाठी मोकळी, रुंद वाट म्हणजे कॉरिडॉर करायचं सरकारचं चाललंय. मागच्या महिन्यात दोघं जण टेप घेऊन आले. दुकान मोजलं, चौकटीवर लाल आकडा टाकला आणि फॉर्म पुढे केला. "नुसती माहिती आहे, सही करा." कुठल्या खात्याचे विचारलं, तर "वरून आलंय." मी सही केली नाही. शेजारच्या काकांनी केली, तेव्हापासून त्यांना झोप नाही.

माझा कॉरिडॉरला सरसकट विरोध नाही बरं का. एकादशीची रेटारेटी मी दुकानाच्या फळीवरून बघते. एका वारीत एक म्हातारी अक्षरशः दंडाला धरून वर ओढून घेतली होती. पण त्या वाटेची नकाशावरची रेघ कुठून जाणार हे ठरवताना आम्हाला विचारायला नको? ऐंशीच्या दशकातल्या रुंदीकरणात सासऱ्यांचे पुढचे दोन खण गेले, तेव्हाही आधी रेघ आणि मग आम्ही.

तर, सह्यांच्या निवेदनाने काही होतं का? वाड्याचा उतारा अजून आजेसासऱ्यांच्या नावावर आहे, वाटेकरी अकरा. आणि गाळ्यातला भाडेकरू, चाळीस वर्षांचा, रोज विचारतो, "वहिनी, माझं काय?"

निवृत्त_मोजणीदार

ताई, आधी काकांना झोपायला सांगा. माहितीच्या फॉर्मवर सही केल्याने घर जात नाही. मात्र त्यांनी काय भरून दिलं त्याची प्रत मागा. संमतीपत्र असेल तर लगेच वकील गाठा.

निवेदन द्या, पण त्यावर विसंबू नका. २०१३च्या भूसंपादन कायद्यात कलम ११ची प्राथमिक अधिसूचना, म्हणजे जागा घ्यायचा इरादा जाहीर करणारी सूचना, निघते. त्यानंतर ६० दिवसांत कलम १५खाली लेखी हरकत द्यायची आणि सुनावणी मागायची. हरकत घरागणिक वेगळी हवी. एकच मजकूर झेरॉक्स काढून शंभर जणांनी दिला, की एकाच वाक्यात निकाली निघतो. तुमचे गेलेले दोन खण लिहा, दिंडी लिहा, आणि रेघ कुठून नेता येईल तेही नकाशावर दाखवा. आवक शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही.

विकास आराखड्यात फेरबदल करणार असतील तर नगररचना कायदा, १९६६, कलम ३७. तिथे हरकतीला एकच महिना. सूचना पेपरात कोपऱ्यात येते, रोज एकाने पेपर बघायचा असं वाटून घ्या. आराखड्याची प्रत माहिती अधिकारात मागा, १० रुपयांत अर्ज होतो.

"७० टक्के संमती लागतेच" असं गावात कुणी सांगत असेल तर त्या भरवशावर राहू नका. ती अट सरकारी-खासगी भागीदारीला आहे, खासगी कंपनीला ८० टक्के. सरकार स्वतःसाठी घेत असेल तर ती लागू नाही.

भाडेकरूचं: बाधित कुटुंब म्हणजे फक्त मालक नव्हे. शहरी भागात संपादनाआधी तीन वर्षं तिथे राहणारं किंवा तिथल्या धंद्यावर पोट असलेलं कुटुंबही त्यात येतं. भाडेपावत्या, वीजबिलं, दुकानाचा परवाना एका पिशवीत ठेवायला सांगा. आणि वारस नोंद आजच्या आज करा! अकरा वाटेकरी म्हणजे मोबदल्याच्या वेळी अकरा भांडणं.

दुर्गाघाटकर

काशीतून लिहितोय, आमची इथे पाचवी पिढी. विश्वनाथ धामासाठी, म्हणजे इथल्या मंदिराच्या कॉरिडॉरसाठी, ३००हून अधिक मालमत्ता घेतल्या. त्यात बऱ्याच थेट खरेदीने. मंदिराजवळचा लाहोरी टोला हा मोहल्ला आता राहिलाच नाही. आमचं घर लांब, वाचलं. पण पाहिलं ते सांगतो: गल्ली एकत्र बोलायची ती पहिलं खरेदीखत होईपर्यंत. एक घर पडलं की दुसऱ्याच्या भिंतीला भेग जाते आणि तो आपणहून विकायला जातो. खरेदीखत एकदा झालं की ना हरकत, ना सुनावणी. गर्दीला मोकळी जागा झाली हे खरंच आहे, पण बोली लावायचं बळ होतं ते गल्ली एक होती तोवरच.

पायी_वारी_२२

स्पष्ट बोलतो, राग नको. बावीस वर्षं चालत येतोय. नामदेव पायरीशी छातीवर कोपरं घेत उभं राहायचं, बायाबापड्यांचे हाल बघायचे. आम्हाला जागा पाहिजे. तुमची दुकानं थोडी मागे सरली तर काय बिघडलं?

महाद्वारची_सून

पायी_वारी, राग कसला. पण मागे सरायला मागे वाडा उरला पाहिजे ना? वाडा गेला तर दिंडी कुठे उतरेल, हे तुम्ही लोकांनीच विचारा की ओ. आमच्या दिंडीच्या विणेकरी बुवांना फोन केला. म्हणाले, "पातेली तुमच्या माळ्यावर आहेत, तेवढंच लिहून देतो, चालेल का?" मोजणीदार काका, असं पत्र हरकतीला जोडता येतं का?

निवृत्त_मोजणीदार

जोडा. तारीख, सही आणि किती वर्षांपासून उतरतात ते हवं.

महाद्वारची_सून

बरं. सोमवारी वारस नोंदीसाठी सिटी सर्व्हेच्या कचेरीत जाते. अकरातले दोघे पुण्याला, एक सुरतेला, आणि एक धाकटे दीर आमच्याशी सहा वर्षं बोलत नाहीत. आधी त्यांनाच फोन लावते.