मदत हवी आहे: धुक्यात घाट उतरताना चारही इंडिकेटर लावायचे का?

गाडी शिकून दीड वर्ष झालं. पुण्यात रोज चालवते, पण घाट म्हटलं की अजून पोटात गोळा येतो. गणपतीला पाटणमार्गे कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला सासरी जायचंय. नवरा आधीच पोचलेला असणार. म्हणजे स्टीअरिंगवर मी, शेजारी सासूबाई, मागे दोन मुलं आणि डिकी गच्च.

मागच्या महिन्यात परतताना याच घाटात धुक्यात सापडले. पुढच्या दोघांनी चारही इंडिकेटर लावले होते, म्हणून मीही लावले. वर कोयनानगरला चहाला थांबले तर मागून आलेल्या एसटीचे ड्रायव्हर म्हणाले, "ताई, तुम्ही वळत होता, थांबत होता का चालला होता? मला वळणावर तुमचा एकच दिवा दिसत होता." रागावले नव्हते, पण मला चहा गेला नाही.

तर, ते लावायचे नसतील तर मागच्याला मी दिसणार कशी? ट्रक उजवा इंडिकेटर देतो तेव्हा 'जा पुढे' म्हणतो की 'थांब'? आणि मी डिपरवर (हेडलाइटच्या खालच्या झोतावर) असूनही समोरचे मला अप्पर (वरचा झोत) का मारतात?

कोयनाकाठ: एसटीवाल्या काकांचं बरोबर आहे. चारही दिवे म्हणजे 'माझी गाडी उभी आहे'. ते चालू असले की बहुतेक गाड्यांत वळायचा इंडिकेटर कळतच नाही. धुक्यात हेडलाइट डिपरवर ठेवा, फॉग लॅम्प असतील तर तेही. अप्पर नको, उजेड धुक्यावर आपटून तुमच्याच डोळ्यांत येतो. आणि हे नक्की बघा: पुढचे दिवसाचे एलईडी पेटलेत म्हणून मागचे लाल दिवे पेटलेत असं समजू नका. बऱ्याच गाड्यांत ते हेडलाइटचं बटण फिरवल्याशिवाय लागत नाहीत. दिवसाढवळ्या धुक्यात अशा कितीतरी गाड्या मागून काळ्या ठिक्कर असतात. पुढे सगळं अचानक थांबलं, तर तेवढ्यापुरते चारही लावा.

बारा टायर: वडील ट्रकवर होते, म्हणून दुसऱ्याचं मी सांगतो. उजवा इंडिकेटर म्हणजे कोणी 'समोरून गाडी येतेय' सांगतो, कोणी 'काढ गाडी', आणि कोणी खरंच उजवीकडे वळत असतो! तिन्ही पाहिलेत. तेव्हा त्याच्या दिव्यावर ओव्हरटेक करायचंच नाही, स्वतःला रस्ता मोकळा दिसला तरच. अप्परचंही तसंच. आपल्याकडे अप्पर मारला म्हणजे 'मी येतोय'. माझी बहीण इंग्लंडात आहे, तिकडे बहुतेक वेळा 'तुम्ही या' असा अर्थ घेतात. सुट्टीला आली की तिला गाडी देत नाही.

शून्य ते तीन: तिसऱ्याचं उत्तर तुमच्या डिकीत आहे. मागे वजन पडलं की नाक वर होतं आणि डिपरसुद्धा समोरच्याच्या डोळ्यांत जातो. स्टीअरिंगच्या आसपास ०-१-२-३ लिहिलेलं छोटं चक्र असेल. एकट्या असताना ०, भरलेल्या गाडीत २ किंवा ३. आकडा वाढला की झोत खाली येतो. तरीही अप्पर बसत राहिले तर बल्ब बघा. हॅलोजनच्या घरात बाहेरून एलईडी बसवले असतील तर उजेड सगळीकडे फाकतो.

धागाकर्ती: आत्ता खाली पार्किंगमध्ये जाऊन आले. चक्र सापडलं, ० वर होतं. दीड वर्षात कधी हात लावला नव्हता, मला वाटायचं एसीचं काहीतरी आहे. आणि हो, दिवाळीत दुकानदाराने 'मॅडम, पांढराशुभ्र उजेड पडेल' म्हणून एलईडी घातलेत. जुने बल्ब डिकीतच आहेत, शनिवारी परत बसवून घेते. मागे एक लाल फॉग लॅम्पही दिसला. तो घाट संपला की बंद करायचा ना?

कोयनाकाठ: घाट कशाला, धुकं संपलं की लगेच. नाहीतर मागच्याला वाटतं तुम्ही ब्रेकवर पाय ठेवूनच चिपळूण गाठताय.